नवा कीबोर्ड घेतला तरी करंगळी पुन्हा दुखतेच? मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते: "दादा, नवा कीबोर्ड घेतला की महिनाभर बरं वाटतंय, मग परत हाय तेच." कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरचे टायपिंगवाले हे सांगतात, शाहूपुरीतले डीटीपीवाले सांगतात आणि घरी बसून भाषांतर करणाऱ्या ताईही सांगतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं येऊ लागली. खालच्या कोर्टातले मराठी कागद आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही एकाच टेबलावर. दिवसाला आठ-दहा तास बोटं चालणारी माणसं शहरात आधीही होती, आता त्यांच्यावरचा भार वाढलाय.

अशा वेळी माणूस यूट्यूबवर इंग्रजी रिव्ह्यू बघतो आणि सगळ्यांनी वाखाणलेला कीबोर्ड मागवतो. रिव्ह्यू करणारा खोटं बोलत नसतो, पण त्याची बोटं इंग्रजी टाइप करतात आणि आपली मराठी. दुखणं परत येण्याचं माझ्या मते हेच मोठं कारण. टेबलाची उंची हे दुसरं.

"न्यायालयाच्या" हा शब्द टाइप करून बघा

इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी प्रमाण मांडणीवर टाइप करत असाल तर बोटांकडे लक्ष ठेवून हा एक शब्द सावकाश टाइप करा. न, हलन्त, य, काना, य, काना, ल, य, काना, च, हलन्त, य, काना. एकूण तेरा ठोके. 'य' स्लॅशच्या बटणावर आणि 'च' सेमीकोलनच्या, म्हणजे पाच ठोके उजव्या करंगळीचे. हलन्त 'डी'वर आणि काना 'ई'वर, म्हणजे सहा ठोके डाव्या मधल्या बोटाचे. तेरातले अकरा ठोके दोन बोटांवर पडले आणि बाकीची बोटं नुसती बघत बसली.

इंग्रजीत उजव्या करंगळीच्या वाट्याला अक्षर म्हणून जवळजवळ एकटा 'पी' येतो. तिच्या घरच्या जागेवर सेमीकोलन आहे आणि तो इंग्रजी मजकुरात क्वचितच लागतो. इनस्क्रिप्टमध्ये त्याच करंगळीकडे ज, च, ट, ड, य ही अक्षरं आहेत, त्यांचे झ, छ, ठ, ढ हे भाऊबंदही आहेत. 'डॉक्टर', 'कॉलेज'मधला ॉ बॅकस्लॅशवर आणि 'कृपया'मधला ृ बरोबरच्या चिन्हावर, म्हणजे तेही तिचेच. त्यावर एंटर आणि बॅकस्पेस. मराठीत षष्ठीचा 'च्या' लागल्याशिवाय सरकारी वाक्य पुढं सरकत नाही, त्यामुळे हातातलं सगळ्यात बारकं बोट दिवसभर सगळ्यात जास्त राबतं.

डाव्या करंगळीचं दुखणं शिफ्टमुळे येतं. ख, घ, थ, ध, फ, भ, श, ष, ळ ही सगळी अक्षरं उजव्या हाताच्या बटणांवर शिफ्ट दाबून येतात, म्हणून शिफ्ट डावा लागतो. त्यात भर म्हणजे आपल्याकडचे बरेच टायपिस्ट उजवा शिफ्ट वापरतच नाहीत. 'ण' आणि 'अ' ही अक्षरं डाव्या हाताच्या बटणांवर आहेत. तिथं उजवा शिफ्ट घ्यायला हवा, तरी डाव्या हातानंच दोन्ही दाबतात आणि पंजा वेडावाकडा होतो. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेल्यांची गत थोडी वेगळी असते, तिथं अर्धी अक्षरं बहुतेक शिफ्टनं येतात. शिफ्टचा भार मात्र दोन्हीकडे आहेच.

आधी दुखतंय कुठं ते नीट बघा

सगळ्याला "हात दुखतोय" म्हणून चालत नाही, कारण प्रत्येक दुखण्याचं मूळ निराळं असतं.

करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर कीबोर्डाच्या आधी कोपराकडे बघा. कोपराच्या आतल्या बाजूनं जी नस जाते ती या दोन बोटांना जाते. कोपर कुठं आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच नस. लोखंडी टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकवून तासन्‌तास बसलं की ती दबते. इथं दहा हजारांचा कीबोर्डही काही करू शकत नाही. कोपर उचला, कडेला जाड कापडाची घडी घाला आणि फोनवर बोलताना कोपर पूर्ण दुमडून टेबलावर टेकवायची सवय सोडा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो, असं असेल तर ती मनगटातून जाणारी नस. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर हा त्रास जास्त दिसतो. मनगट वर वाकवून टाइप केल्यानं तो वाढतो, तेव्हा खाली टेबलाबद्दल लिहिलंय ते आधी करा. आणि बधिरपणा उतरतच नसेल, हातातून कप निसटत असेल, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसलेला दिसत असेल, तर कीबोर्ड शोधत बसू नका, हाडांच्या नाहीतर नसांच्या डॉक्टरांकडे जा.

नुसती करंगळी आणि तिच्या रेषेत कोपरापर्यंतचा हात संध्याकाळी भरून येतो, सुट्टीत बरा असतो आणि सोमवारी दुपारपासून पुन्हा सुरू होतो. हे मात्र खरं टायपिंगचं दुखणं. इथं कीबोर्ड बदलून फरक पडतो.

खांद्यात, मानेजवळ दुखत असेल तर माउस किती लांब आहे ते पाहा. पूर्ण आकाराचा १०४ बटणांचा कीबोर्ड साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतो आणि नंबरपॅडमुळे माउस पार उजवीकडे ढकलला जातो. नंबरपॅड नसलेला ८७ बटणांचा कीबोर्ड ३६ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. टॅली आणि जीएसटीचं काम करणाऱ्यांना नंबरपॅड सोडवत नाही, ते खरंच आहे. त्यांनी सुटा यूएसबी नंबरपॅड घ्यावा आणि लागेल तेव्हा पुढं ओढावा. बाकीच्यांच्या टेबलावर ती नुसती अडगळ.

टेबल उंच आहे, कीबोर्ड नाही

ऑफिसचं टेबल बहुतेक ७५ सेंटीमीटर उंच असतं. साडेपाच फुटी माणूस तळपाय जमिनीला टेकवून बसला तर त्याचं कोपर साधारण ६३ ते ६७ सेंटीमीटरवर येतं. म्हणजे टेबल आधीच तीन-चार इंच वर. त्यावर मागून चार सेंटीमीटर उंचीचा जाड मेकॅनिकल कीबोर्ड ठेवला आणि त्याचे मागचे पायही उघडले, की मनगट दिवसभर वर वाकलेलं. नवा कीबोर्ड महिनाभर बरा वाटून पुन्हा त्रास का सुरू होतो याचं उत्तर बरेचदा इथंच सापडतं. बटणं हलकी झालेली असतात म्हणून सुरुवातीला आराम वाटतो, पण मनगटाचा कोन तोच राहतो, किंबहुना जास्त बिघडतो.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी कीबोर्डाचे मागचे पाय मिटून टाका. ते का देतात हे मला आजवर कळलेलं नाही. अक्षरं दिसायला सोपी पडतात एवढाच त्यांचा उपयोग. मग खुर्ची वर घ्या, कोपर बटणांच्या पातळीला येईपर्यंत. पाय लोंबकळायला लागतील, त्यांच्याखाली घरातला जेवणाचा लाकडी पाट ठेवा. हसू नका, बाजारातल्या फूटरेस्टपेक्षा तो भक्कम असतो. खुर्ची वर होत नसेल तर टेबलाखाली सरकता ट्रे बसवून घ्या. तयार ट्रेची रुंदी आणि उंची आपल्या टेबलाला जुळतेच असं नाही. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात माप देऊन लोखंडी पट्टीचा करून घेतला तर बरोबर बसतो. फक्त ट्रे आणि मांडी यांच्यात जागा राहील असं बघा.

लॅपटॉपवर थेट दिवसभर टाइप करणाऱ्यांना एवढंच सांगेन की सुटा कीबोर्ड लावा आणि लॅपटॉप जाड कायद्याच्या पुस्तकांवर चढवा. लॅपटॉपचं बटण साधारण एक-दीड मिलिमीटरच खाली जातं, जोरात ठोकणाऱ्याचं बोट थेट तळावर आपटतं. टाइपरायटरवर शिकलेले जुने लोक तर असे ठोकतात की शेजारच्याचा चहा हलतो.

मग कीबोर्ड कसा निवडायचा

टेबल सरळ करूनही करंगळी बोलतच असेल तर आता खरेदीचं बोलू.

चार-पाचशे रुपयांच्या साध्या मेंब्रेन कीबोर्डात बटणाखाली रबराचा घुमट असतो. तो पूर्ण दबल्याशिवाय अक्षर उमटत नाही, म्हणजे प्रत्येक ठोका तळापर्यंत न्यावाच लागतो. धूळ बसली आणि रबर कडक झालं की जोर वाढतो, तोही जास्त वापरल्या जाणाऱ्या बटणांवर आधी. मराठीवाल्यांची स्लॅश आणि सेमीकोलनची बटणं इंग्रजीवाल्यांच्या कितीतरी आधी जड होतात. तुमच्या जुन्या कीबोर्डावर ही दोन बटणं आणि न वापरलेलं एखादं बटण एकामागून एक दाबून बघा, फरक लगेच कळेल. तसं असेल तर सरळ नवा साधा कीबोर्ड घेतला तरी काम होतं, मात्र दीड-दोन वर्षांनी तो पुन्हा बदलायची तयारी ठेवा.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. साधारण चार मिलिमीटरच्या प्रवासात दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटतं, तळाला टेकायची गरज नसते. हे अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात, पण पडलं की करंगळीला खरा आराम मिळतो. सरळ खाली जाणारे लाल स्विच साधारण ४५ ग्रॅम जोरात चालतात. तपकिरी स्विच दाबताना मध्ये हलका अडथळा जाणवतो, अक्षर उमटलं हे बोटाला कळतं. निळे टकटक वाजतात. वकिलांच्या बार रूममध्ये किंवा चार जणांच्या ऑफिसात निळे घेऊन गेलात तर शेजारी बोलणं बंद करतील. इनस्क्रिप्टला मी तपकिरी सुचवतो. लाल फार हलके पडतात आणि बोटं टेकवून विचार करत बसायची सवय असेल तर मजकुरात मधेच एखादा च किंवा ो घुसतो, तो तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतो.

आता मराठीवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट. स्विच उपटून बदलता येतात असे कीबोर्ड मिळतात, दुकानदार त्यांना हॉट-स्वॅप म्हणतात. असा घेतलात तर सगळ्या कीबोर्डाला एकच स्विच ठेवायची गरज नाही. सेमीकोलन, स्लॅश, पी, चौकटी कंस, एंटर आणि दोन्ही शिफ्ट यांच्याखाली ३५ ग्रॅमचे हलके स्विच टाका आणि बाकी ठिकाणी नेहमीचे ठेवा. पाच-दहा स्विचांचा खर्च नव्या कीबोर्डापेक्षा फार कमी आणि जिथं दुखतंय तिथंच उपाय. स्विच काढायचा चिमटा बहुतेक डब्यातच येतो. फक्त तीन पिनांचा की पाच पिनांचा सॉकेट आहे ते आधी विचारून घ्या.

जाडी विसरू नका. ट्रे नसेल, टेबल उंचच राहणार असेल, तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी जाडीचा मेकॅनिकल घ्या. नेहमीचा घेतलात तर पुढं तळहात टेकवायला पट्टी ठेवा आणि थांबाल तेव्हाच तिच्यावर टेका. टाइप करताना मनगट टेकवून ठेवलं तर बोटं ताणून स्लॅश गाठावा लागतो, आणि आपल्या करंगळीचं दुखणं तर तिथूनच सुरू होतं.

बटणांच्या जागा बघताना इंग्रजी रिव्ह्यूत कधीच न येणाऱ्या दोन गोष्टी तपासा. डावा शिफ्ट लांब असला पाहिजे. काही कीबोर्डांत शिफ्ट आखूड करून शेजारी एक जादा बटण घातलेलं असतं, तिथं 'भ' दाबायला जाल आणि भलतंच काही उमटेल. दुसरं, बॅकस्लॅश एंटरच्या बरोबर वर हवा. मोठ्या उलट्या एल आकाराच्या एंटरवाल्या कीबोर्डात तो बॅकस्पेसजवळ ढकललेला असतो, मग प्रत्येक 'ऑर्डर' आणि 'डॉक्टर'ला हात उचलावा लागतो. फार छोट्या कीबोर्डांत उजवा शिफ्ट बाणांच्या बटणांसाठी कापलेला असतो. उजवा शिफ्ट वापरायला शिकायचं म्हणताय तर तो दाबता येईल एवढा तरी हवा.

दोन भागांत वळलेले, म्हणजे स्प्लिट कीबोर्ड कुणी घ्यावेत? मनगटं बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे वळलेली राहतात आणि तिथंच दुखतं, त्यांनी. मायक्रोसॉफ्टनं १९९४ मध्ये नॅचरल कीबोर्ड आणला, तेव्हापासून ही कल्पना सगळ्यांच्या ओळखीची आहे. लॉजिटेकच्या अर्गो के८६० मध्ये उचलायचे पाय मागं न देता पुढच्या बाजूला दिलेत, म्हणजे कीबोर्ड पलीकडे झुकतो आणि मनगट सरळ राहतं. पाय असेच असायला हवेत. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असल्यानं दोन भाग मराठीला छान जमतात. अडचण एकच. 'व' हा 'बी'च्या बटणावर आहे आणि ते बटण अशा कीबोर्डांत बहुतेक डाव्या भागात असतं. उजव्या तर्जनीनं 'व' मारणाऱ्यांची पहिल्या आठवड्यात पंचाईत होते. ज्याला रोजच्या रोज पानांवर पैसे मिळतात त्यानं कामाच्या गर्दीत हा बदल करू नये, मे महिन्याच्या सुट्टीत करावा.

पैसे न घालता करण्यासारखं

विंडोजमध्ये स्टिकी कीज नावाची सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबला की ती चालू करायचा प्रश्न समोर येतो, त्याला आपण नेहमी वैतागून नाही म्हणतो. होय म्हणून बघा. मग शिफ्ट धरून ठेवावा लागत नाही, एकदा दाबून सोडायचा आणि नंतर अक्षर दाबायचं. डाव्या करंगळीला यानं फार उसंत मिळते.

उजव्या करंगळीसाठी बॅकस्पेस हलवा. मायक्रोसॉफ्टच्या फुकट पॉवरटॉईजमध्ये बटणांची अदलाबदल करता येते, कॅप्स लॉकवर बॅकस्पेस ठेवता येतो. डावी करंगळीही दुखत असेल तर हे करू नका, एका बोटाचं ओझं दुसऱ्या आजारी बोटावर टाकल्यासारखं होईल.

वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये रोजचे लांब शब्द भरा. 'प्रप' टाइप केलं की 'प्रतिज्ञापत्र', 'मन्य' केलं की 'माननीय न्यायालयाच्या'. कोर्टाची आणि सरकारी भाषा तीच तीच असते, निदान त्याचा एवढा तरी फायदा घ्या. आणि स्लॅश करंगळीनंच दाबायचा असा क्लासमधला नियम परीक्षेपुरता पाळा. पंजा थोडा उचलून अनामिकेनं 'य' मारला तर कुणी गुण कापणार नाही. फोनेटिक पद्धतीत, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवण्यात, करंगळीवरचा भार कमी होतो खरा, विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आहेही, पण एका अक्षराला ठोके जास्त लागतात. ज्याचा वेग इनस्क्रिप्टवर बसलाय त्यानं दुखणं अगदीच हाताबाहेर गेल्याशिवाय तिकडं जाऊ नये.

दुकानात

राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत कीबोर्ड बघायला गेलात तर नुसती दोन बटणं दाबून परत येऊ नका. दुकानातल्या संगणकाला तो लावायला सांगा आणि 'जिल्ह्याच्या न्यायालयाच्या आदेशाच्या' असं पाच मिनिटं मारत बसा, उभं राहून नको, स्टूल मागून बसून. मराठी लेआउट चालू नसला तरी बोटांना जागा माहीत असतात, पडद्यावर इंग्रजी कचरा उमटला तरी चालेल. दुकानदार घाई करायला लागला तर ऑनलाइन मागवा, पण परत करायची मुदत वाचून. इनस्क्रिप्टचे स्टिकर लावायचे असतील तर मुदत संपल्यावरच लावा, स्टिकर लावलेला कीबोर्ड परत घेताना वाद घालतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खिडकीजवळ ठेवलेल्या कीबोर्डात ओल धरते, मग एकच अक्षर दोनदा उमटायला लागतं. मेकॅनिकल हॉट-स्वॅप असेल तर तेवढा एक स्विच बदलून भागतं. साध्या कीबोर्डाला रात्री निघताना कापडानं झाकून ठेवणं, एवढंच करता येतं.